चार बोटं आखूड तीर

प्रिय आप्पा,

सप्रेम जयभीम.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि सोमवारी मी सोलापूरला परत आले. आल्यावर कपडे धुतले, गॅसची टाकी बदलून घेतली, खिडक्यांच्या जाळ्या पुसल्या. शेजारच्या मालनताई भेटायला आल्या. त्याच रडल्या आणि मी त्यांना पाणी दिलं. मला अजून रडू आलेलं नाही. आत काही हलतच नाही, त्याला मी तरी काय करू?

हे पत्र लिहायला बसले ते प्रकाशच्या भाषणामुळं. तुमचा धाकटा कसा बोलतो ते तुम्हाला माहीतच आहे. मास्तर झाल्यापासून तो घरातसुद्धा फळ्यापुढं उभा असल्यासारखा बोलतो. कार्यक्रमात तो म्हणाला, आमच्या आप्पांनी दुष्काळी कामावर हजारो खड्डे मोजले, कुणाला एक बोट जास्त दिलं नाही की कमी केलं नाही. सगळ्या आयुष्यात त्यांचं एकच माप चुकलं, तेही पोटच्या पोरीच्या तिराचं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढं बसलेली आई मोठ्यांदा म्हणाली, "व्हय, चुकलंच."

मी तिथंच होते, आप्पा. दुसऱ्या रांगेत. मी पदर सावरला आणि जेवणाच्या पंगतीचं बघायला उठून गेले.

तुमचं माप चुकलं नव्हतं. हे मला माहीत आहे आणि गेली जवळजवळ पन्नास वर्षं माहीत आहे. तुम्हाला ते सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

आता नीट पहिल्यापासून सांगते. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण एकदा सगळं ओळीनं लिहिल्याशिवाय मला जमणार नाही.

शाळेत नवे गुरुजी आले होते, खेळाचे. कुठल्याशा शिबिरातून ते बांबूचं एक धनुष्य घेऊन आले. एक धनुष्य आणि तीस पोरं! मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, की त्यांच्या हातात कला आहे. तुम्ही नळदुर्गच्या बुरूडगल्लीतून बांबू आणलात, चुलीच्या धगीवर वाकवलात, अंबाडीची दोरी वळलीत. पहिलं धनुष्य दोरी चढवतानाच मोडलं आणि तुम्ही गुरुजींना म्हणालात, एक बांबू शिकण्यात जातोच. दुसरं टिकलं. वर्षभरात शाळेत आठ धनुष्यं झाली.

तीर करताना मात्र तुम्ही वेगळेच व्हायचात. गुरुजींना वाटायचं, धनुष्य एका मापाचं तर तीरही एका मापाचे कापून टाकावेत. तुम्ही ऐकलं नाहीत. तीर धनुष्याच्या मापाचा नसतो, ओढणाऱ्याच्या हाताच्या मापाचा असतो, असं तुमचं म्हणणं. एकेका पोराला ताठ उभं करायचात. तिराची दोरीत बसणारी खाच छातीच्या हाडावर टेकवायची, दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांत तीर धरायचा, आणि टोक बोटांच्या पुढं अजून दोन बोटं आलं पाहिजे. तिथं खूण. मग चाकू. पोरांना आखूड तीर आवडायचा, तो हलका आणि सर्रकन जातो. त्यांना तुम्ही एकच गोष्ट सांगायचात. लांब तीर चुकला तर मातीत जातो, आखूड चुकला तर ओढणाऱ्याच्याच हातात घुसतो.

हे मी किती वेळा ऐकलं असेल!

दरवर्षी तालुक्याच्या स्पर्धेआधी तुम्ही सगळ्यांची मापं परत घ्यायचात. वाढलेल्यांना नवे तीर, त्यांचे जुने धाकट्यांना. बहात्तरच्या दुष्काळात तुम्हाला पाझर तलावाच्या कामावर खड्डे मोजायला घेतलं, तेव्हा शाळेनंतर आम्ही पोरं तिथंच यायचो. बांधाच्या ताज्या मातीचा ढीग आमचं निशाण होता. बायामाणसं वाटपाची सुकडी घेऊन घरी निघाली की तुम्ही टेप गुंडाळायचात आणि आम्हाला रांगेत उभं करायचात. त्या वर्षी तुम्ही मापं घेतलीत आणि बत्तीसपैकी जवळजवळ कुणालाच नवा तीर लागला नाही. मी गेल्या वर्षीएवढीच होते. प्रकाशही तेवढाच. तुम्ही माझा तीर हातात फिरवत बराच वेळ बसलात आणि मग घरी चला म्हणालात. मला तेव्हा बरं वाटलं होतं, कारण माझा तीर मला आवडायचा.

त्या कामावरची तुमची मोजणी गावात अजून सांगतात. खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक उंचवटा राखायचा, त्यावरून खोली मोजायची, तशी मजुरी. कुणी त्याच उंचवट्यावर दोन पाट्या माती टाकून खोली वाढवायचं. तुम्ही पहारीच्या टोकानं नुसतं खरवडायचात आणि भर घातलेली माती सांगायचात. पारूबाईला तुम्ही तीनदा पकडलंत. परवा ती म्हातारी काठी टेकत आली होती. म्हणाली, "तुझ्या बापाच्या डोळ्याखालून मुंगी गेली न्हाय कदी."

मी गेले, आप्पा.

दुष्काळ सरला, तरी कामावरची मोजणी तुमच्याकडंच राहिली. दोन पावसाळे बरे झाले आणि मी वाढायला लागले. एका वर्षी दोन बोटं, पुढच्या वर्षी तीन. नवा तीर घेऊन मी घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं तीर हातात घेतला आणि दाराला टेकवून बघितला. आईला तोवर आळीतल्या बायका बोलायला लागल्या होत्या. पोरगी उफाड्याची झाली, मैदानावर हात वर करून उभी राहते, बापाला काही वाटत नाही का. आईनं तुमच्यादेखत सांगून टाकलं, "आनिक येकदा तीर लांबला की पोरगी घरात. मंग म्या कुनाचं ऐकणार न्हाय."

तुम्ही हसलात. हसून बाहेर गेलात.

इथं मला तुम्हाला जरा बोलायचं आहे. एका बोटाच्या खोलीसाठी तुम्ही ओव्हरसियरशी भर उन्हात भांडलेला माणूस. गावच्या विहिरीवरून झालेल्या भांडणात तुम्ही मागं हटला नव्हतात. मग माझ्या वेळी नुसतं हसलात का? आईला एवढंच म्हणायचं होतं ना, तीर लांबणारच, पोरगी वाढणारच, ती तीर मारणार. तुम्हाला वाटलं असेल, वेळ आली की बघू. मला मात्र आईचा शब्द शिक्क्यासारखा खरा वाटला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि शाळेत माझ्याइतका नेम कुणाचा नव्हता. मला दुसरं काही येत नव्हतं, आप्पा. अभ्यासात मी साधारण, दिसायला साधारण. हातात धनुष्य असलं की लोक माझं नाव विचारायचे.

म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही माप घ्यायला उभं केलंत तेव्हा मी अंग चोरलं.

आठवडाभर मी त्याचा सराव केला होता. गोठ्यात, जुना तीर छातीला लावून. खांदे मागं ओढायचे, कोपर आतल्या आत जरासं मुडपायचं, फ्रॉकच्या बाहीत ते दिसत नाही. छातीत हवा घ्यायची नाही. बरोबर जुन्या तिराच्या मापाला येऊन थांबायचं, कमी नाही, जास्त नाही. तुम्ही खाच टेकवलीत, तळव्यांपुढं दोन बोटं ठेवून बघितलीत, आणि जुनाच तीर चालेल म्हणालात. माप खरं होतं. मी खोटी उभी होते.

पण तुमचा चेहरा पडला. तुम्हाला दुष्काळाचं वर्ष आठवलं, हे मला तेव्हा कळलं नाही, फार उशिरा कळलं. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, पोरगी औंदा वाढली न्हाय, तिच्या जेवणाकडं बघ. गावात दूध सोसायटी नुकती निघाली होती आणि आपल्या एकुलत्या गायीचं सगळं दूध सकाळी तिकडं जायचं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कॅन उचलायच्या आधी एक पेला माझ्यापुढं ठेवायला लागलात. स्वतःचा चहा कोरा केलात. मी तो पेला रोज प्यायले. दोन महिने प्यायले! एकदाही घशाशी अडकला नाही.

तीर आखूड आहे हे मला धनुष्य ओढताना कळायचं. पूर्ण ओढला की टोक मुठीपर्यंत मागं यायचं. मग मी पूर्ण ओढायचंच नाही असं ठरवलं. तीन चतुर्थांश ओढायचे आणि नेम थोडा वर धरायचे. जमत होतं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, पुन्हा मापून घेतलास का गं तीर? मी म्हटलं, घेतला, बरोबर आहे. तुम्ही हं म्हणालात. तुम्ही स्वतः माप का घेतलं नाहीत परत? कामावरच्या बायकांचा उंचवटा रोज खरवडायचात. माझ्यावर विश्वास ठेवायची काय गरज होती?

नळदुर्गला किल्ल्याच्या बाजूच्या मैदानात स्पर्धा होती. तुम्ही सुट्टी काढून आला होतात, इस्त्रीचा सदरा घालून. माझे पहिले दोन तीर चांगले गेले. तिसऱ्याला वारा सुटला. मागून गुरुजी ओरडले, "पुरा ओढ, सुमन, पुरा ओढ!" आणि मी पुरा ओढला.

दुखलं नाही. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी बसलं एवढंच कळलं. बघितलं तर माझाच तीर माझ्या हातात होता. पिसं बाहेर होती. मी तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही पळत येताना दिसलात, इतकं पळताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. हमरस्त्यावर थांबलेल्या एका ट्रकवाल्यानं सोलापूरपर्यंत आणलं. तुम्ही मला मांडीवर घेऊन बसला होतात आणि माझं मनगट दोन्ही हातांनी वर धरलं होतं. वाटेत त्या ड्रायव्हरनं तुमच्याकडं बघून गाणी बंद केली.

अंगठा राहिला. वाकत नाही आणि त्याला गरमगार कळत नाही, पण राहिला.

पाचव्या दिवशी आपण घरी आलो. मी खाटेवर पडले होते. तुमच्या पिशवीत तो तीर होता, दवाखान्यातून धुऊन आणलेला. आई बाहेर पेज करत होती. तुम्ही तीर काढलात आणि त्याची खाच माझ्या छातीच्या हाडावर टेकवलीत. सवयीनं मी हात लांब केले. एका हाताला बँडेज होतं, तरी केले. या वेळी मी अंग चोरायचं विसरले. तिराचं टोक माझ्या बोटांच्या मधल्या पेरापाशी संपलं. तुम्ही आपली बोटं लावून बघितलंत. चार बोटं आखूड.

तुम्ही तिराकडं बघितलंत आणि मग माझ्याकडं. मी भिंतीकडं तोंड केलं.

दोन महिन्यांत कुणी चार बोटं वाढत नाही. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग तुम्हाला कळलं होतं का, आप्पा? की दुधाचा पेला लागू पडला असं समजलात? की तुम्हाला खरंच वाटलं, आपलाच हात त्या दिवशी चुकला? मी इतकी वर्षं या तीन गोष्टी उलटसुलट करून बघतेय. तेव्हाच्या तुमच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. आता विचारायला चेहराही राहिला नाही.

आई पेज घेऊन आत आली. तुम्ही तीर खाली ठेवलात आणि तिला म्हणालात, "माप चुकलं माजं. गलती माजी हाय. पोरीला काय बोलू नगंस."

ती मला काहीच बोलली नाही. तुम्हाला मात्र जन्मभर बोलली. माझ्या हातून ताट निसटलं की, थंडीत माझा अंगठा निळा पडला की, लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या हाताकडं बघितलं की. दुसऱ्याचे खड्डे बरोबर मोजता, पोटच्या पोरीचा हात मोजता आला न्हाय. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. उलट मला बघायला कुणी आलं की चहाच्या आधी तुम्हीच सांगायचात, पोरीचा अंगठा वाकत नाही, चूक माझ्याकडून झाली. पाहुणे तुमच्याकडं बघायचे आणि मी पोह्यांच्या बश्या गोळा करायचे.

आठही धनुष्यं तुम्ही शाळेला देऊन टाकलीत आणि परत तिकडं फिरकला नाहीत. मोजणीचं काम सोडलंत. सोसायटीनं दूध मोजून घ्यायला तुम्हाला बोलावलं होतं. चेअरमन घरी आले होते, सगळ्यांचा विश्वास आहे तुमच्यावर म्हणाले. तुम्ही म्हणालात, माप घेणाऱ्याला स्वतःच्या हाताची शंका असू नये. आणि तिथंच कॅन धुवायचं काम मागून घेतलंत! गावातला सगळ्यात खरा मापाडी वीस वर्षं दुसऱ्यांच्या कॅनमध्ये हात घालून ते घासत बसला. सोलापूरला नोकरी लागल्यावर मी सुट्टीत आले की तुम्हाला तिथं डबा द्यायला यायचे. तुमचे हात सोड्यानं पांढरे पडलेले असायचे. तुम्ही ते पंच्याला पुसून भाकरी मोडायचात आणि माझ्या ऑफिसातली काय बातमी म्हणून विचारायचात. मी बातमी सांगायचे.

तेव्हा का नाही सांगितलं? आधी भीती होती. मग लग्न झालं. मग वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं. मग सवय झाली. खोट्याची सवय इतकी होते की त्याची जागा दुखतसुद्धा नाही. दवाखान्यात शेवटचे तीन दिवस मी तुमच्या उशाशी होते. खोलीत आपण दोघंच. तुम्ही एकदा डोळे उघडून विचारलंत, "थंडीत दुखतो का गं अंगठा?" मी म्हटलं, नाही आप्पा. तुम्ही मान हलवलीत. पंधरा-वीस मिनिटं तुम्ही जागे होतात. मी तुमच्या पायांवरची चादर नीट करत राहिले.

एवढं लिहिलं तरी रडू आलेलं नाही.

आता आईचं. तिला हे सांगितलं तर तुम्ही सुटता, पण ती अडकते. ती विचारणार, का गं केलंस असं? आणि खरं उत्तर तिच्याच शब्दापाशी जातं. ती म्हातारी झाली आहे. परवा रात्री तुमची घडी केलेली धोतरं मोजून ठेवत होती आणि दर वेळी आकडा चुकत होता. तिला आता हे ऐकवू का? प्रकाशला विचारावं म्हटलं, तर तो त्यावरही भाषण देईल. मग मला वाटलं, तिला फक्त मी अंग चोरलं एवढं सांगावं आणि का ते सांगू नये. दोन दिवस मी तसंच ठरवून होते. पण ते परत कोपर मुडपून उभं राहण्यासारखंच झालं. आणि तिच्या धास्तीला तरी काय म्हणणार? आळीत ती एकटीच सगळ्यांचं ऐकून घेत होती. तुम्ही कामावर असायचात, मी मैदानावर.

आप्पा, उद्या सकाळच्या गाडीनं मी गावाला येते. प्रकाश बाहेर गेला की आईजवळ बसते आणि सगळं सांगते, का केलं तेसुद्धा. पारूबाईला बोलावून तिच्यासमोरही सांगते, म्हणजे गावाला कळेल. आई चिडेल, कदाचित माझ्याशी बोलणारही नाही. पण तिच्याजवळून उठून मी पंगतीचं बघायला जाणार नाही, हे वचन देते. तुम्ही एकट्यानं जे इतकी वर्षं वाहिलंत, ते आता आम्ही दोघी मायलेकी अर्धं-अर्धं घेऊ. तिला तिचा वाटा नको असेल, तर तोही मीच घेईन.

तुमची लेक,
सुमन